विदर्भाच्या खेड्यापाड्यांत मोटरहोम रात्री कुठे लावायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेल्या गाडीतून आम्ही नवरा-बायको गेले सहा हिवाळे विदर्भ हिंडतोय. घर अमरावती जिल्ह्यात, त्यामुळे पुण्याचे, नाशिकचे, हैदराबादचे ओळखीचे-बिनओळखीचे लोक फोन करतात आणि तेच ते विचारतात. एकदाची उत्तरं लिहून काढली. मोटरहोम म्हणा, कॅरव्हॅन म्हणा, गावात तिला 'घरवाली गाडी' म्हणतात. त्यावरून होणाऱ्या विनोदांची आधीच सवय करून घ्या.

मोटरहोमसाठी राखलेल्या जागा विदर्भात आहेत का?

त्यांच्या भरवशावर सहल आखू नका. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. त्यात खासगी जमिनीवर कॅरव्हॅन पार्क उभारायची सोय आहे. पण खेड्यात संध्याकाळी सहा वाजता तुम्ही उभे असता तेव्हा धोरण कामाला येत नाही, माणूस येतो. एमटीडीसीची (राज्य पर्यटन महामंडळाची) निवासस्थानं चिखलदरा, लोणार, मोहर्ली, बोदलकसा इथे आहेत. एक खोली घेऊन गाडी आवारात लावता येईल का, हे आधी फोन करून विचारा. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर काही शेतकऱ्यांनी केंद्रं काढली आहेत. तिथे नळ, संडास आणि वीज एकाच ठिकाणी सापडते, म्हणून लांबच्या प्रवासात दर तिसऱ्या-चौथ्या रात्री अशी एखादी जागा आम्ही धरतो. बाकीच्या रात्रींची जागा विचारून मिळवायची.

विचारायचं कोणाला?

खाजगी जागा असेल तर मालकाला. गावाची जागा असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटील. आमचा अनुभव असा की सरपंच बरेचदा तालुक्याला गेलेले असतात, पोलीस पाटील गावात सापडतात. गावात रात्री कोण आलं, कोण राहिलं याची खबर ठेवणं त्यांचं कामच आहे. त्यांना नाव, गाव, गाडीचा नंबर आपणहून सांगितला की पुढचे निम्मे प्रश्न मिटतात. कोणी विचारायला आलंच तर "पाटलांना सांगितलंय" एवढं पुरतं.

विचारायची वेळ महत्त्वाची. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य बुडतो. आम्ही साडेचारला टपरीवर चहा घेतो आणि तिथेच विषय काढतो. उजेडात आलेला माणूस पाहुणा, अंधारात आलेला संशयित. गाडीतून काच खाली करून विचारू नका. उतरा, रामराम करा, आधी आपण कुठले ते सांगा. वऱ्हाडात पुढचा संवाद साधारण असा होतो:

"कोठचे व्हय जी तुमी?"

"अमरावतीकडचे, काकाजी. रातच्याला गाडी लावायची होती. सकाळी निघतो."

"मंग इथं कायले लावता? हे वावर ओलं आहे. तिकडं पंचायतीपाशी लावा, मुरूम टाकला हाय. अन् जेवले का?"

शेवटचा प्रश्न औपचारिक नसतो. 'हो, जेवलो' म्हणालात तरी ताक येतं.

शाळेचं मैदान सोयीचं दिसतं, पण मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय नको, आणि विचारलं तरी सकाळच्या प्रार्थनेआधी निघा. नाही तर सगळी शाळा तुमच्या खिडकीला नाक लावून उभी. आठवडी बाजाराच्या जागेवर आदल्या रात्री कधीच लावू नका. पहाटे चारला भाजीचे टेम्पो येतात आणि तुम्ही कुणाच्या तरी पिढीजात जागेवर झोपलेले असता.

शेतात, तळ्याकाठी, छान जागा दिसली की लावली, असं चालत नाही का?

इथे सगळे फसतात, आम्हीही फसलो. वऱ्हाडातली बरीचशी जमीन काळी, कपाशीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हात वरून ती फरशीसारखी टणक दिसते. एका ऑक्टोबरात दर्यापूरकडे आम्ही एका धुऱ्याशेजारी (शेताच्या बांधाशेजारी) गाडी लावली. आभाळ निरभ्र. रात्री दोनला अर्धा तास सर पडली. सकाळी मागची चाकं रिमपर्यंत आत, आणि जोर दिला तसतशी आणखी खाली. चाकाखाली दगड घातले, तुराट्या घातल्या, गाडीतली सतरंजीसुद्धा घातली. सतरंजी परत मिळाली नाही. शेवटी ट्रॅक्टर आला, त्याचंही एक चाक फिरायला लागलं, मग दुसरा ट्रॅक्टर. वावरात जे खड्डे पडले त्याची लाज अजून वाटते. शेतकरी एवढंच म्हणाला, "आता हरभरा पेरायचा होता भाऊ."

तेव्हापासून आमचा नियम, आधी जमीन, मग नजारा. पायाखाली लालसर मुरूम, बरड किंवा डांबर असेल तरच थांबायचं. पांदण रस्त्यात, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेत, तर शिरायचंच नाही. तो अरुंद असतो, गाडी वळवायला जागा नसते, आणि पहाटे बैलगाडी समोरून आली तर मागे तुम्हालाच जायचं आहे. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, तळ्यांचा मोह पडतो. तिथले मामा तलाव म्हणजे मालगुजारी काळापासूनचे गावतलाव, त्यांच्या पाळी मातीच्या. तीन-चार टनांची गाडी पाळीवर चढवू नका. खाली बांध्यांना (धानाच्या शेतांना) पाणी त्याच पाळीच्या भरवशावर मिळतं.

ढाबा, पेट्रोल पंप, टोलनाका यांतलं काय बरं?

ढाबा. सुरत-कोलकाता महामार्गावर (क्रमांक ५३, जुने लोक अजून 'सहा नंबर'च म्हणतात) मलकापूर, अकोला, अमरावती, साकोली असं सगळीकडे ट्रकवाल्यांचे ढाबे आहेत. जेवण घेतलंत तर रात्रभर जागा, खाट आणि पाणी मिळतं. ट्रकांच्या रांगेत न लावता बाजूला, सुटायची वाट मोकळी ठेवून लावा. काही ट्रकांचे रेफ्रिजरेशनचे पंखे रात्रभर घरघरतात. ते कुठे उभे आहेत हे आधी बघून घ्या, नाही तर मध्यरात्री गाडी हलवावी लागते.

पंपावर दिवे आणि कॅमेरे असतात, म्हणून बायका-मुलं बरोबर असतील तर काहींना तोच बरा वाटतो. मॅनेजरला विचारायचं, डिझेल तिथेच भरायचं, आणि आवारात शेगडी पेटवायची नाही. चहासाठीसुद्धा नाही. टोलनाक्यांच्या पुढे बऱ्याच ठिकाणी ट्रकसाठी जागा आणि संडास असतात. झोप मात्र कमी लागते. रस्त्याच्या कडेला, दिवे बंद करून, अर्धं चाक डांबरावर ठेवून झोपणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी करू नका. आमच्याकडे रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या फिरतात, आणि त्या चालवणाऱ्यालाही तुम्ही दिसत नसता.

समृद्धी महामार्गावर रात्र काढता येते का?

कडेच्या पट्टीवर अजिबात नाही. ताशी १२० चा वेग, सरळसोट रस्ता, डुलकी लागलेले चालक. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर पंपांच्या जागा आहेत, तिथे तास-दोन तास पाय मोकळे करायला हरकत नाही. झोपायला मात्र आम्ही नेहमी इंटरचेंजवरून खाली उतरतो. धामणगाव, कारंजा लाड, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा यांपैकी कुठेही उतरलात तरी गाव हाताशी आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, सिंदखेडराजा जिजाऊंचं. १२ जानेवारीच्या, जिजाऊ जयंतीच्या, आसपास सिंदखेडराजाला जागा शोधायला जाऊ नका. लोक दर्शनाला जातात, तेव्हा तुम्हीही दर्शनालाच जा आणि मुक्काम दुसरीकडे करा.

देवस्थानांच्या आवारात लावू देतात का?

बहुतेक ठिकाणी वाहनतळ असतो. त्यात झोपू देतील की नाही, हे त्या रात्री ड्युटीवर असलेल्या माणसावर ठरतं. शेगावला संस्थानची भक्त निवासं आहेत. खोली घेऊन गाडी वाहनतळावर ठेवणं तिथे सर्वांत सरळ. शिस्त कडक, स्वच्छता अशी की आपली गाडी आपल्यालाच कळकट वाटायला लागते. प्रकट दिन, रामनवमी, ऋषिपंचमी हे दिवस टाळा. सेवाग्रामला आश्रमासमोर यात्री निवास आहे. बापू १९३६ मध्ये इथे राहायला आले, आणि आजही रात्री नऊनंतर तिथे मोठ्याने बोलायची इच्छा होत नाही. जनरेटरवाल्यांनी तिथे मुक्काम करूच नये. मोझरीचा गुरुकुंज आश्रम अमरावती-नागपूर रस्त्यालाच लागून आहे. ऑक्टोबरातल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत मात्र गाडी वळवायलाही जागा नसते. रामटेकला गडावर न नेता खाली, वस्तीजवळ लावा.

सगळीकडे एकच पथ्य, आवारात अंडं-मटण शिजवायचं नाही. सावजीची भूक लागली तर सावजीवाल्याकडे जा.

ताडोबा, पेंच, मेळघाटाजवळ जंगलात थांबता येईल?

जंगलात नाही. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि विस्तव पेटवणं हा भारतीय वन कायदा, १९२७ खाली गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्या दिवसांत वनरक्षक शेकोटीचा धूर लांबूनही ओळखतात.

जंगलाबाहेर, गावात, चालेल. पण 'बाहेर' हा शब्द नकाशापुरता. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या चंद्रपूरच्या पट्ट्यात वाघ जंगलाच्या गाभ्यात बसून राहत नाही. तो धानाच्या बांध्यांतून, गावाच्या कडेने फिरतो, आणि तिथे माणसं मेली आहेत. म्हणून गाडी वस्तीच्या आत, दिव्याखाली. अंधारात लोटा घेऊन बाहेर जायचं नाही, गाडीतला संडास त्यासाठीच आहे. कुत्रा बरोबर असेल तर रात्री तो आत. बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. मार्च-एप्रिलात मोहाच्या झाडाखाली कितीही सुंदर वास आला तरी लावू नका. फुलं वेचायला पहाटे गावातल्या बाया येतात, आणि त्यांच्याही आधी अस्वल येतं. वन्यप्राणी वस्तीत दिसला तर वनविभागाचा क्रमांक १९२६.

ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो. १ जुलै ते ३० सप्टेंबरही बंद. सोमवारी रात्री मोहर्लीत येऊन 'उद्या सफारी' म्हणणारे दरवर्षी भेटतात.

मे महिन्यात येऊ का?

नका येऊ. अकोला, चंद्रपूर, नागपूर ४५ अंशांच्या वर जातात, नवतप्यात (मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत) रात्रीसुद्धा पत्र्याला हात लाववत नाही. यायचंच असेल तर चिखलदरा. अकराशे मीटरच्या आसपास उंची आहे, कॉफीचे मळे आहेत, आणि रात्री खिडकी उघडून झोपता येतं. घाटात वळणं आवळ आहेत, दिवसा चढा.

एसीचं गणित आधी समजून घ्या. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. एक टनाचा एसी तिच्यावर दोन-अडीच तास चालतो आणि मग तुम्ही घामात उठता. आमच्याकडे कोरडी उष्णता असते, म्हणून कूलर. छोटा कूलर, ताट्या ओल्या, समोरची खिडकी बोटभर उघडी, तेवढ्याच बॅटरीवर रात्र निघते. जूनमध्ये आभाळ दाटलं की तोही निकामी, पण तोवर तुम्ही घरी गेलेले असाल. एसीसाठी रात्रभर इंजिन सुरू ठेवून झोपू नका. धूर आत येतो, वास येत नाही, आणि माणूस उठत नाही. थंडीत आत कोळशाची शेगडी ठेवणंही त्यातलंच.

टाकीत पाणी कुठलं भरायचं?

गाव दिसलं, बोअर दिसला, भरलं, असं पूर्णेच्या खोऱ्यात करू नका. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाण पट्टा आहे. भूजल खारट. चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, आणि टाकीतल्या पंपावर पांढरा थर चढतो. तिथले लोक हे पाणी पिऊन पिऊन मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले आहेत, आपली तक्रार फार किरकोळ. पाणी भरण्याआधी घोटभर चाखा, किंवा सरळ विचारा, "गोडं आहे का जी?" पिण्यासाठी आरओचा वीस लिटरचा जार जवळपास प्रत्येक मोठ्या गावात मिळतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. लाल रंगाने रंगवलेला हातपंप दिसला तर त्याचं पाणी पिऊ नका.

उन्हाळ्यात गावाला तीन-चार दिवसांआड पाणी असतं. तेव्हा शंभर लिटरची टाकी नळाला लावून उभं राहणं बरं दिसत नाही.

संडासाची टाकी कुठे रिकामी करायची?

सेप्टिक टँक असलेल्या ढाब्यावर, लॉजवर, कृषी पर्यटन केंद्रावर, विचारून आणि पैसे देऊन. नाल्यात, तळ्यात, रिकाम्या वावरात कधीच नाही. निळं रसायन वापरत असाल तर बायोगॅसच्या टाकीत ओतू नका, आतले जिवाणू मरतात आणि त्या घरचा गॅस बंद पडतो. एका ठिकाणी आमच्या आधी आलेल्यांनी ते केलं होतं, आणि त्यापायी आम्हाला जागा नाकारली गेली. मालकिणीचं काही चुकलं नाही.

वीज मिळते का?

घरच्या मीटरवरून एक तार मिळते, तिच्यावर मोबाईल, फ्रिज, पंखा. एसी लावलात तर त्या घराचा फ्यूज जाणार. शेतावरचा मोटरपंपाचा जोड वेगळा. बऱ्याच फीडरवर तो दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, पाळीपाळीने असतो, आणि तीन फेजचा असतो. त्याला हात लावू नका. अर्थिंग तपासायचा टेस्टर आणि पंचवीस मीटरची जाड वायर स्वतःची ठेवा.

पावसाळ्यात?

विदर्भ पावसाळ्यातच हिरवा होतो, पण मोटरहोमचा तो हंगाम नाही. नाल्यावरच्या रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गावकरी पोरगं मोटारसायकल काढून दाखवील, तुम्ही त्याच्या मागे जाऊ नका. वीज कडाडते तेव्हा एकट्या झाडाखाली लावू नका. रेल्वेरुळांखालच्या बोगद्यांत कमरेएवढं पाणी साचतं. आणि रात्री चप्पल घालण्याआधी झटका, मण्यार रात्रीच फिरतो.

गडचिरोलीत जावं का?

जावं, दिवसा. मार्कंडा, हेमलकसा बघण्यासारखं आहे. मुक्काम तालुक्याच्या ठिकाणी करा आणि पोलीस ठाण्यात सांगून ठेवा, ते स्वतःच चांगली जागा सुचवतात. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो. मोबाईलची रेंज मोठ्या पट्ट्यात नाही, घरी आधीच कळवून ठेवा.

बाईमाणसाने एकटीने फिरावं का?

माझी बायको एकदा आठ दिवस एकटी फिरली. तिने लिहायला सांगितलेलं असं: ढाब्यापेक्षा घराचं अंगण निवडा, आणि विचारताना पुरुषाला नाही, ओट्यावर बसलेल्या आजीला विचारा. आजी हो म्हणाली की घर हो म्हणतं. मन मानत नसेल तर कारण शोधत बसू नका, गाडी सुरू करा. अडचणीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

पैसे द्यायचे का?

ढाब्यावर जेवण हेच भाडं. कृषी पर्यटन केंद्राचा दर ठरलेला असतो, घासाघीस नको. घरच्या अंगणात पैसे काढलेत तर बहुतेक राग येतो. आम्ही निघताना घरातल्या लहान मुलांच्या हातावर काही ठेवतो, किंवा त्यांच्याकडूनच संत्री, तूर, गूळ जे असेल ते विकत घेतो आणि भाव करत नाही. देवळात पेटी आहे.

गॅस संपला तर?

पाच किलोचा छोटा सिलिंडर बऱ्याच पंपांवर मिळतो, तोच गाडीत ठेवा. कापसाच्या हंगामात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) फाटकाशी मोठी मोकळी जागा दिसेल. तिथे गाडी लावायची नाही आणि ठिणगी तर मुळीच नाही. एका ठिणगीत गावाचं वर्षाचं उत्पन्न जातं.

गाडी उंच आहे, गावात शिरेल का?

तारा बघा. घराघरांत गेलेल्या सर्व्हिस वायरी तीन मीटरवर लोंबकळत असतात. उंची डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. दोघं असाल तर एकाने उतरून पुढे चालावं. आमच्याकडे ते काम माझं असतं, कारण गाडी बायको जास्त चांगली चालवते.

तुमच्याकडे लावू द्याल का?

एक गाडी मावते. खाली मुरूम आहे, पाणी गोडं आहे, फाटकावरची फांदी तीन मीटर दहा सेंटिमीटरवर आहे. चारच्या आधी कळवा म्हणजे वरणात दोन पानगे जास्तीचे पडतील. कुत्रं भुंकतं, पण चावत नाही. निदान अजून तरी कोणाला चावलेलं नाही.